विजयदुर्गाची सहल : भूगोल व इतिहासाचा एक पाठ

आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. द्वीपकल्पाची व्याख्या ती बिनचूक म्हणतात, पण शब्दांपलीकडे काही डोळ्यांपुढे येत नाही. यासाठी विजयदुर्गास सहल नेण्यापूर्वी मुलांस सोलापूरचा भुईकोट किल्ला एकदा दाखवावा. त्याच्या पूर्वेस सिद्धेश्वर तलाव आहे व इतर बाजूंनी माणसाने खंदक खणला आहे. देवगड तालुक्यात, वाघोटण खाडीच्या मुखाशी असलेल्या विजयदुर्गास तीन बाजूंचे पाणी निसर्गानेच दिले. खंदक लागला तो केवळ खुष्कीच्या बाजूस. एवढा फरक ध्यानी आला की निम्मा पाठ झाला.

किल्ल्याची उभारणी परंपरेने शिलाहार राजा भोज याच्याकडे दिली जाते. पुढे तो विजापूरकरांकडे होता (आपला भुईकोटही काही काळ त्यांच्याच ताब्यात होता, हे मुलांस आवर्जून सांगावे). शिवाजी महाराजांनी तो घेऊन 'घेरिया'चा विजयदुर्ग केला. त्यानंतर आंग्र्यांचे आरमार येथे नांदले.

सनावळी सांगण्याआधी मुलांस बुरुजावर उभे करून विचारावे, "शत्रू कोठून येईल?" समुद्राकडे बोटे दाखविली जातील. मग १७५६ च्या फेब्रुवारीतील हकीकत सांगावी. वॉटसनच्या जहाजांनी समुद्रातून तोफा डागल्या, बंदरातील तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले आणि क्लाइव्हने फौज उतरवून जमिनीची वाट रोखली. द्वीपकल्पाचे बळ व त्याचे वर्म एकाच ठिकाणी असते, हे मुले स्वतःच बोलून दाखवितील. त्याच वर्षी किल्ला पेशव्यांकडे आला व धुळपांच्या हाती आरमार गेले. १८१८ मध्ये तो पुन्हा इंग्रजांनी घेतला.

एका गोष्टीबाबत मात्र शिक्षकांनी जपावे. किल्ल्यावरील काही चौथरे दाखवून, लॉकियरने १८६८ साली येथून सूर्यग्रहण पाहून हेलियम शोधला, असे सांगतात. त्या १८ ऑगस्टच्या खग्रास ग्रहणाचा पट्टा या भागावरून गेला, हे खरे. परंतु जान्सेनने ते गुंटूर येथे पाहिले, हर्शेल जमखंडीस होता आणि लॉकियर इंग्लंडातच होता. त्याने सूर्याच्या कडेचा वर्णपट घेतला तो २० ऑक्टोबरला, ग्रहणावाचून. पृथ्वीवर हेलियम रॅमझेला सापडला तो १८९५ मध्ये. वाटाड्याचा मान राखून मुलांस एवढेच विचारावे, "हे आपणांस कशावरून कळले?" जमखंडी आपल्याहून फार दूर नाही, यानेही त्यांचे कुतूहल वाढेल.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी वास्तूंबरोबर विजयदुर्ग जागतिक वारशाच्या यादीत आला. तटावर मुलांस धावू देऊ नये व भरती-ओहोटीची वेळ बंदरावर आधी विचारून घ्यावी. परतल्यावर प्रत्येकाकडून किल्ल्याचा नकाशा काढून घ्यावा : स्वतः पाहिलेले काळ्या शाईने, ऐकलेले लाल शाईने.