आधार क्रमांकाची तिजोरी आणि तिची किल्ली

रत्नागिरीजवळचे पावस हे गाव स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीमुळे सर्वपरिचित आहे. येथील एखादी निराधार वृद्धा अनुदानासाठी अर्ज करते, तेव्हा तिचा आधार क्रमांक शासकीय डेटाबेसमध्ये नोंदला जातो. आधार योजनेचा शुभारंभ 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच राज्यातील टेंभली (जि. नंदुरबार) येथे झाला. पुढे हे क्रमांक अनेक कार्यालयांच्या संगणकांत साठत गेले. म्हणून आधार प्राधिकरणाने जुलै 2017 च्या परिपत्रकान्वये बंधन घातले, की असे क्रमांक स्वतंत्र कोठारात कूटबद्ध करून ठेवावेत, अन्यत्र केवळ संदर्भांक वापरावा आणि किल्ल्या त्यासाठीच्या खास सुरक्षा उपकरणात असाव्यात.

किल्ली निराळी का, हे कोषागारातील दुहेरी कुलूप पाहिलेल्यांना सांगावयास नको. तेथे दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांच्या स्वाधीन असतात. डेटाबेसमध्येच किल्ली ठेवणे म्हणजे तिजोरीला कुलूप लावून किल्ली तिलाच अडकविणे होय.

प्रत्यक्षात किल्ल्या दोन प्रकारच्या असतात. एक माहिती कूटबद्ध करते. दुसरी, म्हणजे मुख्य किल्ली, त्या पहिलीला कुलूपबंद करते. कुलूपबंद झालेली पहिली किल्ली डेटाबेसजवळ राहिली तरी चालते. काम सुरू होताना डेटाबेस ती किल्ली-सर्व्हरकडे पाठवितो. दोघे परस्परांची डिजिटल प्रमाणपत्रे तपासतात आणि मगच ती उघडून मिळते. मुख्य किल्ली उपकरणाबाहेर येत नाही. ती बदलावयाची झाल्यास लक्षावधी नोंदी पुन्हा लिहाव्या लागत नाहीत. पहिली किल्ली तेवढी नव्याने कुलूपबंद करावी लागते. डेटाबेस एका कंपनीचा व सर्व्हर दुसरीचा असला, तरी 2010 पासून त्यांच्यासाठी केएमआयपी ही समान संदेशपद्धती उपलब्ध आहे.

खरा धोका मात्र उलट बाजूस आहे. मुख्य किल्ली नष्ट झाली, तर माहिती चोराला मिळत नाही, तशी शासनालाही मिळत नाही. त्या वृद्धेचे अनुदान अडते. यास्तव किल्लीची प्रत दुसऱ्या ठिकाणी सुरक्षित हवी आणि तिच्यावरून माहिती उघडते की नाही, याची चाचणी वेळोवेळी घ्यावी. जोडणीच्या कामात नेमकी हीच चाचणी राहून जाते.

अधिकृत पासवर्ड दुसऱ्यास दिला, तर ही सर्व व्यवस्था निरुपयोगी ठरते. शिवाय कार्यालयातील उघड्या कपाटात आधारच्या छायाप्रती असतातच. पूर्ण क्रमांक आवश्यक नसेल तेथे शेवटचे 4 अंकच दाखविणारी प्रत मागावी.