उंडेऱ्याचा धडा आणि दरवर्षीची फ्लूची लस

बडोद्याच्या जुन्या शहराच्या मध्यभागी मांडवीची इमारत उभी आहे. लहरीपुरा, चांपानेर, पाणी आणि गेंडी या चार दरवाजांकडून येणारे रस्ते येथे एकत्र मिळतात. दागिने, कापड, भांडी, पूजेचे साहित्य अशा नाना कारणांनी शहरातील व खेड्यापाड्यांतील माणसे या परिसरात येतात. गुजराती आणि मराठी या दोन्ही भाषा येथे पिढ्यान्‌पिढ्या कानावर पडत आल्या आहेत. माणसे जवळ येतात तेथे व्यापार वाढतो, ओळखी वाढतात. त्याचबरोबर श्वासावाटे पसरणारे रोगही एका घरातून दुसऱ्या घरात सहज जातात. फ्लू, म्हणजेच इन्फ्लुएंझा, हा अशा रोगांपैकी प्रमुख होय. त्यापासून बचाव करणारी लस उपलब्ध असूनही ती दरवर्षी टोचून घेण्याविषयी समाजात पुष्कळ उदासीनता आढळते. या संदर्भात बडोद्याजवळच घडलेली एक घटना सर्वांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

एका गावातील दोन भाग

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि ती हळूहळू गुजरातेत पोहोचली. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची प्रतिबंधक लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढील वर्षी बडोदे संस्थानात, शहरापासून सुमारे सहा मैलांवर असलेल्या उंडेरा गावी प्लेग शिरला. त्या वेळी महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांची राजवट होती.

फेब्रुवारी १८९८ मध्ये या गावी लसीची परीक्षा घेण्यात आली. प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना लस टोचण्यात आली व उरलेल्यांना ती देण्यात आली नाही. गावातील ९५० रहिवाशांपैकी ५१३ जणांना लस मिळाली, ४३७ जण तिच्यावाचून राहिले. दोघांचे घर एक, पाणी एक, अन्नही एक. फरक काय तो लसीचा. सुमारे सहा आठवड्यांनंतर पाहणी झाली तेव्हा २८ कुटुंबांत प्लेग शिरल्याचे दिसून आले. या कुटुंबांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ जण आजारी पडले व ३ दगावले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना रोग झाला आणि त्यातील २६ जण मरण पावले. लस न घेतलेल्यांच्या प्रमाणातच मृत्यू झाले असते, तर लस घेतलेल्यांपैकी सुमारे २९ जण प्राणास मुकले असते.

या आकड्यांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. लस घेऊनही तिघे गेले, म्हणजे लस हे अभेद्य कवच नव्हे. परंतु तीन आणि एकोणतीस यांतील अंतर म्हणजे जिवंत राहिलेली माणसे होत. जाणूनबुजून निम्म्या कुटुंबाला लसीविना ठेवण्याची अशी परीक्षा आजच्या वैद्यकीय नीतीत बसणार नाही. ज्यांनी तिची किंमत प्राणांनी मोजली, त्यांच्यामुळे मिळालेले ज्ञान वाया जाऊ देणे मात्र योग्य ठरणार नाही.

मानमोडीचे वर्ष

प्लेगनंतर वीस वर्षांनी दुसरे संकट आले. जून १९१८ मध्ये मुंबईत इन्फ्लुएंझाची साथ सुरू झाली. पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दुसरी लाट अत्यंत संहारक ठरली. महाराष्ट्रातील खेड्यांत या रोगाला 'मानमोडी' हे नाव पडले. या साथीत भारतात एक कोटीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली असा अंदाज आहे. त्या काळी हा रोग विषाणूमुळे होतो हेही निश्चित ठाऊक नव्हते. माणसातील फ्लूचा विषाणू १९३३ मध्ये प्रथम वेगळा करण्यात आला. लसीचा तर प्रश्नच नव्हता.

अलीकडचा अनुभवही विसरता येणार नाही. २००९ मध्ये 'स्वाइन फ्लू' या नावाने ओळखला गेलेला नवा प्रकार जगभर पसरला आणि भारतातील त्याचा पहिला बळी त्या वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात नोंदला गेला. २०१५ च्या साथीत या रोगाने गुजरातेत पाचशेहून अधिक आणि महाराष्ट्रात नऊशेहून अधिक मृत्यू झाले. फ्लू म्हणजे साधी सर्दी ही समजूत किती चुकीची आहे, हे यावरून कळून येते.

दरवर्षी कशासाठी?

"गेल्या वर्षी टोचून घेतली, आता पुन्हा कशाला?" हा प्रश्न स्वाभाविक आहे. देवीचा विषाणू आपले रूप फारसे बदलत नसे. त्यामुळे तिच्या लसीचे संरक्षण अनेक वर्षे टिके आणि १९८० मध्ये देवीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर करता आले. फ्लूचा विषाणू मात्र बहुरूप्यासारखा आहे. त्याचे बाह्य आवरण सतत थोडेथोडे बदलत राहते व शरीराच्या संरक्षक शक्तीला तो ओळखू येईनासा होतो. शिवाय लसीमुळे आलेली प्रतिकारशक्ती काही महिन्यांनी उतरू लागते.

यासाठी जागतिक आरोग्य संघटना दरवर्षी दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी व सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते प्रकार असावेत याची शिफारस करते. विषाणूंवर पाळत ठेवण्याच्या या कार्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचाही वाटा आहे. म्हणून लस घेताना ती चालू हंगामाची आहे किंवा नाही, हे अवश्य विचारावे.

कोणी व केव्हा घ्यावी?

वृद्ध, गर्भवती स्त्रिया, लहान मुले, दमा, मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचे विकार असणारे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना या लसीची विशेष गरज असते. सहा महिन्यांखालील बालकांना ती देता येत नाही. आईने गरोदरपणी घेतलेल्या लसीचे संरक्षण त्यांना जन्मानंतर लाभते. नऊ वर्षांखालील मुलांना प्रथमच लस देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात.

पश्चिम भारतात फ्लूचा जोर पावसाळ्यात व त्यानंतर, तसेच हिवाळ्याच्या अखेरीस दिसून येतो. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे पाऊस सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घेऊन ती टोचून घेणे हिताचे आहे. ही लस राष्ट्रीय कार्यक्रमातील नियमित लसींत समाविष्ट नाही. यास्तव ती कोठे व कोणत्या अटींवर मिळेल, याची चौकशी जवळच्या शासकीय रुग्णालयात आधी करावी.

शंका आणि दक्षता

टोचण्याच्या लसीत जिवंत विषाणू नसतो. म्हणून तिच्यामुळे फ्लू होत नाही. दंड दुखणे, अंग मोडून येणे किंवा किंचित ताप एवढा त्रास एक-दोन दिवस होऊ शकतो. पूर्वी एखाद्या लसीची तीव्र बाधा झाली असल्यास डॉक्टरांना तसे सांगावे. अंगात जास्त ताप असल्यास टोचणे पुढे ढकलावे. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते, तसेच ती गोठूही द्यावयाची नसते. लस व तिच्या विषाणूचे प्रकार जुळले, तर डॉक्टरकडे जावे लागण्याइतक्या आजाराचा धोका साधारणपणे चाळीस ते साठ टक्क्यांनी घटतो. तथापि लस घेतल्यावरही खोकताना तोंडावर रुमाल धरणे, हात धुणे आणि आजारी असताना घरी राहणे हे नियम पाळलेच पाहिजेत.

या कामी शिक्षकांना मोठा वाटा उचलता येईल. उंडेऱ्याचे आकडे गणिताच्या तासाला फळ्यावर मांडले, तर सातवीतील विद्यार्थीही त्यांचा अर्थ स्वतः काढू शकेल आणि घरी आजी-आजोबांना समजावून सांगेल. ग्रामसभेत हा विषय पावसाळ्यापूर्वी चर्चेस घ्यावा. एकाच छपराखाली राहणाऱ्यांपैकी कोण वाचेल हे उंडेऱ्यात परीक्षेच्या रचनेने ठरविले होते. आज तो निर्णय बहुतांशी प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहे.