वजन उतरवताना कातडी सैल पडू नये म्हणून



मागच्या दोन अंकांत आपण साखर आणि रक्तदाबाबद्दल वाचलं. त्यानंतर बऱ्याच गावांतून एकच प्रश्न आला. डॉक्टर सांगतात वजन कमी करा. पण वजन उतरलं की पोटाची कातडी लोंबते, दंड हलतात, चेहरा ओढल्यासारखा दिसतो आणि नळावर बाया विचारतात, "काय गं, आजारी होतीस काय?" एका ताईनं तर चिठ्ठीत लिहिलंय की यापेक्षा जाड होते तीच बरी होते. या वेळचा पाठ म्हणूनच यावर.

आधी आपल्याच प्रभागातल्या एका गटातली गोष्ट सांगते. नाव-गाव सांगत नाही. ताईंचं वजन ८४ किलो, नुकतीच साखर निघालेली. कुणीतरी दारावर येऊन वजन उतरवायची पावडर दाखवली. ताईंनी गटातून १२ हजारांचं अंतर्गत कर्ज घेतलं, वहीत "औषधपाणी" अशी नोंद झाली. सकाळी पावडरचा ग्लास, रात्री पावडरचा ग्लास, दुपारी एक भाकरी आणि ठेचा. साडेतीन महिन्यांत २१ किलो उतरले. गावात कौतुक झालं. मग केस मूठमूठ गळायला लागले, भरलेली कळशी उचलवेना आणि पोटाची कातडी पदरासारखी खाली आली. तोच माणूस पुन्हा आला, आता कातडी घट्ट करायचं तेल आणि मलम घेऊन, आणि ताईंनी दुसरं कर्ज मागितलं. पहिल्या कर्जाच्या ठरावावर सह्या झाल्या तेव्हा मी त्या बैठकीत होते आणि गप्प बसले होते. दुसऱ्या वेळी नाही बसले.

आता कातडी सैल का पडते ते बघू. कातडीच्या आतल्या थरात दोन प्रकारचे तंतू असतात. कोलॅजेनचे तंतू कातडीला मजबुती देतात आणि इलॅस्टिनचे तंतू ती ताणली तर परत जागेवर आणतात. परकराला किंवा लेकराच्या चड्डीला आपण इलॅस्टिक घालतो ना, तसंच. थोडे दिवस ताणलं तर परत आवळतं. वर्षानुवर्षं ताणून ठेवलं तर मऊ पडतं. पंधरा-वीस वर्षं अंगावर चरबी राहिली, दोन-तीन बाळंतपणं झाली, वय पंचेचाळीसच्या पुढे गेलं, तर कातडीची आवळायची ताकद कमी झालेली असते. पंचविशीतल्या मुलीचे दहा किलो उतरले तर कातडी बहुतेक वेळा सावरते. पन्नाशीतल्या बाईचे पंचवीस किलो उतरले तर थोडीफार सैल राहणारच. अंगकाठी आईवडलांकडून येते, त्यातही फरक असतो. हे आपल्या हातात नाही.

हातात काय आहे, ते काट्यावर दिसत नाही. काटा फक्त किलो सांगतो. गेलेल्या किलोत चरबी किती आणि स्नायू किती, म्हणजे आपल्या बळाचं मांस किती, ते सांगत नाही. उपाशी राहून वजन उतरवलं की शरीर चरबीबरोबर स्नायूही खातं. धान्याचं पोतं डोळ्यासमोर आणा. अर्धं रिकामं झालं की पोतं सुरकुततं. चरबी गेली, पण आतले स्नायू भरलेले राहिले, तर कातडीला आतून आधार राहतो. तेही गेले तर कातडी नुसती लोंबते. त्या ताईंची कळशी उचलवत नव्हती आणि कातडी लोंबत होती, ही दोन दुखणी नव्हती. एकच होतं.

म्हणून पहिली गोष्ट वेग. आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक किलो. म्हणजे महिन्याला दोन ते चार. वीस किलो उतरवायचे तर सहा महिने ते वर्ष धरून चाला. लग्नसराईच्या आत उतरवायचं, असं ठरवू नका. फार वेगानं वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यताही वाढते. आणि ज्या ताई साखरेची गोळी किंवा इन्शुलिन घेतात त्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवण निम्मं करू नका. गोळी तेवढीच आणि जेवण कमी, तर साखर एकदम खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, चक्कर येते. असं झालं तर लगेच साखर किंवा गूळ तोंडात टाका आणि मग दवाखाना गाठा.

दुसरी गोष्ट ताटातली, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय. वजन कमी करायचं म्हटलं की आपण पहिल्यांदा काय सोडतो? दूध, अंडी, शेंगदाणे, डाळ. "जड पडतं" म्हणून. आणि ठेवतो काय? भाकरी, चहा आणि ठेचा. नेमकं उलटं होतं. स्नायू आणि कातडीचे तंतू, दोन्ही प्रथिनांतून बनतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला रोज दर किलो वजनामागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ६० किलोच्या बाईला ५० ग्रॅम. वजन उतरवत असताना त्याहून थोडी जास्त, ६० ग्रॅमच्या पुढे, मिळाली तर स्नायू टिकतात.

६० ग्रॅम कुठून आणायचे? दिवसभरात ज्वारीच्या तीन मध्यम भाकऱ्यांतून साधारण १५. घट्ट वरणाच्या दोन वाट्यांतून १३-१४. मटकी किंवा हरभऱ्याच्या उसळीच्या वाटीतून ७. मूठभर शेंगदाण्यांतून ७. दोन अंड्यांतून १२. ग्लासभर दुधातून किंवा वाटीभर दह्यातून ६. झाले ६० च्या वर, आणि यातलं काही पावडरवाल्याकडून आणायचं नाही. अंडी खात नसाल तर सोयाबीन वड्या आहेत. पन्नास ग्रॅम कोरड्या वड्यांत जवळजवळ २५ ग्रॅम प्रथिनं असतात. आमच्या कितीतरी मैत्रिणींच्या घरी सोयाबीन पिकतं, सगळं बाजारात जातं आणि घरी एकदाही वडी शिजत नाही! फक्त ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी प्रथिनं वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारावं.

वरण घट्ट म्हटलंय, ते मुद्दाम. घरात सगळ्यांचं झाल्यावर आपण जेवायला बसतो तेव्हा पातेल्यात वरचं पाणी उरलेलं असतं. ते वाटीभर प्यायलं तरी त्यात प्रथिनं नावाला. आपल्या वाटीची डाळ आधीच बाजूला काढून ठेवा. सासूबाईंना बरं वाटणार नाही कदाचित. साखरेच्या आजारासाठी डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा, ते खोटं नाही.

कोलॅजेन बनायला 'क' जीवनसत्त्वही लागतं. त्यासाठी आवळा, पेरू, लिंबू पुरे. उपवासाचं एक सांगते. साबुदाण्यात जवळजवळ निव्वळ पिष्ट असतं, त्यामुळे साबुदाणा खाऊन केलेल्या उपवासानं ना वजन उतरतं ना बळ राहतं. राजगिरा, शेंगदाणे, दही घ्या.

कमी काय करायचं मग? चहातली साखर, तळलेलं, बेकरीचं, आणि भाताचा डोंगर. एवढ्यानं सावकाश उतरतं.

तिसरी गोष्ट व्यायाम. इथे बैठकीत नेहमी हशा होतो. "आम्ही दिवसभर खुरपतो, सरपण वाहतो, आम्हाला कसला व्यायाम?" प्रश्न बरोबर आहे. पण जे काम दहा वर्षं करतोय त्याची शरीराला सवय झालेली असते. त्यानं दम टिकतो, स्नायू वाढत नाहीत. स्नायू वाढायला किंवा टिकायला त्यांच्यावर थोडा थोडा वाढता भार पडावा लागतो. खुरपताना कंबर वाकते, मांडी आणि दंड यांना तेवढा भार मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या बळाचा व्यायाम सांगते, चालणं-फिरणं ते वेगळं.

जिमची गरज नाही. ओट्यावर किंवा खुर्चीवर बसा, हात न टेकता उठा, सावकाश बसा. दहा वेळा. भिंतीपासून दोन पावलं लांब उभं राहून तळवे भिंतीला लावा, कोपर वाकवून छाती भिंतीकडे न्या, परत ढकला. दहा वेळा, दंडासाठी. उताणं झोपून गुडघे दुमडा, कंबर वर उचला, पाच मोजेपर्यंत धरा. दहा वेळा. मग दोन्ही हातांत पाण्याची एकेक लिटरची बाटली घेऊन कोपरापासून वर उचला. भरलेली बाटली म्हणजे एक किलो. सगळ्याचे दोन फेरे, आठवड्यातून दोन-तीन दिवस. सोपं वाटायला लागलं की बाटली दोन लिटरची घ्या, ओटा थोडा खालचा घ्या. गुडघे दुखत असतील तर उंच बाकावरून सुरू करा. सिझर झालेलं असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी दवाखान्यात विचारा.

तेल-मलमांचं आता. खोबरेल तेलानं कातडी मऊ होते, खाज कमी होते, ताणाचे चट्टे कमी टोचतात. जरूर लावा. पण कुठल्याच तेलानं लोंबलेली कातडी वर चढत नाही. कोलॅजेनचं मलम म्हणून विकतात त्यातला कोलॅजेनचा कण इतका मोठा असतो की तो कातडीतून आत जात नाही. घाम काढणाऱ्या पट्ट्यानं पाणी जातं, ते दोन तांबे प्यायलं की परत येतं. याउलट एक गोष्ट फुकट आहे. विडी-सिगारेटच्या धुरानं कातडीचे तंतू झिजतात, आणि मिश्रीतल्या निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात. मिश्री सोडणं तेलापेक्षा अवघड आहे, मला माहीत आहे, माझी आई अजून लावते. उन्हानंही तंतू खराब होतात, शेतात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो तो चांगलाच.

एवढं सगळं करूनही कातडी सैल राहिली तर? राहू शकते. वजन थांबल्यावरही वर्ष-दोन वर्षं ती हळूहळू आवळत असते, तेवढा वेळ द्या. उरली त्याची शस्त्रक्रिया होते, पण वजन निदान सहा महिने स्थिर असावं लागतं, टाक्यांची लांब खूण राहते, आणि नुसती दिसण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आयुष्मान भारत योजनेत बसत नाही. कर्ज काढून ती करावी असं मला वाटत नाही.

घडीखालची काळजी मात्र घ्यायलाच हवी. पोटाच्या आणि छातीच्या घडीखाली घाम साचतो, लाल होतं, वास येतो, खाज सुटते. साखर असेल तर बुरशी लवकर धरते. आंघोळीनंतर घडी उचलून कोरडी टिपा, चोळू नका. दुपारी कामावरून आल्यावर ओलं ब्लाउज बदला. परकराची नाडी त्याच जागी काचत असेल तर रुंद पट्टीचा परकर शिवून घ्या आणि सैल बांधा. मेडिकलमधून विचारून आणलेलं मिक्स मलम लावू नका. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग कातडी पातळ होते आणि गजकर्ण पसरतं. जखम झाली किंवा पाणी सुटलं तर आरोग्य केंद्रात दाखवा.

बाळंतपणानंतर सुटलेलं पोट नेहमी कातडीचंच असतं असं नाही. उताणं झोपून गुडघे दुमडा, डोकं थोडं उचला आणि बेंबीच्या वर-खाली मधोमध बोटं दाबा. दोनपेक्षा जास्त बोटं आत जात असतील तर पोटाचे स्नायू मधून फाकलेले असू शकतात. मग उठाबशांसारखे पोटाचे व्यायाम स्वतःच्या मनानं करू नका, जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्टला दाखवा. खोकल्यावर बेंबीजवळ गोळा येत असेल तर तो हर्निया असू शकतो. तो गोळा कडक झाला, दुखायला लागला आणि उलट्या झाल्या तर त्याच दिवशी रुग्णालय.

आणि काही न करता वजन उतरत असेल, ब्लाउजला आपोआप टीप मारावी लागत असेल, तर खूश होऊ नका. सहा महिन्यांत साठाचे छप्पन्न-सत्तावन्न झाले तरी तपासणी करा. क्षयरोग, वाढलेली साखर, थायरॉइड, कधी याहून मोठं काही त्यामागे असतं. आशाताईंना सांगा.

त्या ताईंचं दुसरं कर्ज गटानं नामंजूर केलं नाही. ताईंनीच मागे घेतलं. त्यातल्या थोड्या पैशांत चार कोंबड्या आल्या, रोजची दोन अंडी घरची झाली. तीन किलो वजन परत वाढलं, तेव्हा त्या रडल्या होत्या. आता दहा महिने झालेत. दंड भरलेत, कळशी उचलतात, केस थांबलेत. पोटाची कातडी आहे तशी थोडी आहेच. पावडरच्या कर्जाचे दोन हप्ते अजून बाकी आहेत.

पुढच्या बैठकीला एक मोजपट्टी आणा. वजनाबरोबर प्रत्येकीच्या कमरेचा आणि दंडाचा घेर लिहायचा आहे, आणि हात न टेकता अर्ध्या मिनिटात किती वेळा उठबस होते तेही. दर महिन्याला तेच मोजू. सचिवताईंनी वहीत त्यासाठी शेवटची चार पानं मोकळी ठेवावीत. आणि वजन किंवा सौंदर्याच्या औषधासाठी कर्जाची मागणी आली तर ठरावाआधी आरोग्यसखीला बोलवावं.