वार्धक्यातील तोल आणि ‘ताई ची’चा अभ्यास

न्हाणीघरातील ओली फरशी, उंबरठ्याला लागलेली ठेच, रात्री अंधारात उठताना गेलेला झोक – वृद्ध व्यक्तीच्या खुब्याचे हाड मोडण्यास एवढे निमित्त पुरेसे होते. शस्त्रक्रिया यशस्वी होते, हाड सांधते. परंतु अनेकांचे पूर्वीचे मोकळे चालणे परत येत नाही. एकदा पडलेल्या माणसाच्या मनात पुन्हा पडण्याची भीती घर करते. भीतीने हालचाल कमी होते, हालचाल कमी झाल्याने स्नायू क्षीण होतात आणि क्षीण स्नायूंमुळे पडण्याचा धोका आणखी वाढतो. हे दुष्टचक्र भेदण्यास साहाय्यभूत ठरणाऱ्या एका व्यायामपद्धतीचा परिचय रुग्णांचे कुटुंबीय, देणगीदार व हितचिंतक यांना करून द्यावा, या हेतूने आम्ही प्रस्तुत लेख सादर करीत आहोत.

उगम व प्रसार

ताई ची ही मूळची चीनमधील युद्धकला. हनान प्रांतातील चेनजियागोउ या खेड्यातील चेन घराण्यात सतराव्या शतकापासून तिची परंपरा सांगितली जाते. या घराण्याकडून विद्या संपादन करून यांग लुचान (१७९९–१८७२) यांनी ती बीजिंगमध्ये शिकविली. त्यांचे नातू यांग चंगफू (१८८३–१९३६) यांनी हालचाली संथ व सर्वांना झेपतील अशा करून तिचा मोठा प्रसार केला. १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने यांग शैलीवर आधारित २४ आकृतिबंधांचा संक्षिप्त क्रम तयार केला. अवघ्या पाच-सहा मिनिटांत पूर्ण होणारा हा क्रम आज जगभर शिकविला जातो. २०२० मध्ये युनेस्कोने या कलेचा मानवाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

नावाविषयी एक गैरसमज आढळतो. यातील ‘ची’ म्हणजे प्राणशक्ती, असे अनेकांना वाटते. चिनी भाषेत प्राणवाचक शब्द वेगळा आहे. ‘ताई ची’ म्हणजे ‘परमोच्च’. यिन आणि यांग या परस्परपूरक तत्त्वांचे जे मूळ, त्याचे हे नाव होय.

शरीरात काय घडते?

आपला तोल तीन साधनांवर अवलंबून असतो : डोळे, आंतरकर्णातील समतोलाचे इंद्रिय आणि तळपाय, स्नायू व सांधे यांतून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदना. वयपरत्वे ही तिन्ही साधने मंदावतात. दीर्घकाळच्या मधुमेहात तळपायांची जाणीव बोथट होते. झोपेच्या व रक्तदाबाच्या काही औषधांनीही झोक जाऊ शकतो.

ताई चीमध्ये गुडघे किंचित वाकवून, पाठ ताठ ठेवून शरीराचा भार अत्यंत सावकाश एका पायावरून दुसऱ्या पायावर नेला जातो. भार घेतलेला पाय ‘भरलेला’ व मोकळा पाय ‘रिकामा’, अशी तिची परिभाषा आहे. ‘ढगांसारखे हात’ या प्रसिद्ध हालचालीत हात तरंगल्यासारखे फिरत असताना पाय आडवे, एकेक पाऊल सरकतात. येथे संथपणालाच महत्त्व आहे. भरभर चालताना शरीराचा वेग आपल्याला पुढे रेटतो आणि तोलातील उणीव झाकली जाते. संथ हालचालीत तो आधार उरत नाही. मांडीच्या व घोट्याच्या स्नायूंना क्षणोक्षणी शरीर सावरावे लागते. त्याबरोबर श्वास शांत ठेवावा लागतो व लक्ष हालचालीवर केंद्रित करावे लागते.

संशोधन काय सांगते?

१९९६ मध्ये अमेरिकेतील अटलांटा येथे सत्तर वर्षे व त्यावरील वयाच्या २०० व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ताई ची करणाऱ्यांत वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी घटला. २०१८ मध्ये पडण्याचा धोका असलेल्या ६७० वृद्धांच्या अभ्यासात ताई चीवर आधारित २४ आठवड्यांच्या शिक्षणामुळे पडण्याचे प्रमाण केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत ५८ टक्क्यांनी कमी आढळले. पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवरील २०१२ च्या अभ्यासात तोल सुधारला. मात्र पडण्याच्या बाबतीत वजनाच्या व्यायामापेक्षा ताई ची निश्चितपणे सरस ठरली नाही. गुडघ्याच्या संधिवातावर २०१६ च्या अभ्यासात तिचा लाभ भौतिकोपचाराच्या तोडीचा दिसला. तात्पर्य, ताई ची हा चमत्कार नव्हे. ती रोग बरा करीत नाही आणि औषधांची जागाही घेत नाही.

प्रारंभिक पाठ

पूर्ण क्रम जाणकार शिक्षकाकडूनच शिकावा. तथापि भार पालटण्याचा पहिला पाठ घरी करता येतो. एक जड लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. हलकी प्लॅस्टिकची खुर्ची वापरू नये. जमीन कोरडी असावी, सतरंजी वा पायपुसणे दूर करावे. खुर्चीच्या शेजारी उभे राहून एक हात तिच्या पाठीवर ठेवावा. पावले खांद्यांइतक्या अंतरावर, गुडघे सैल, नजर समोर. मनात पाच अंक मोजत भार हळूहळू उजव्या पायावर न्यावा. डावा पाय हलका झाल्याचे जाणवले की क्षणभर थांबावे. मग मध्यावर येऊन डाव्या बाजूस तसेच करावे. प्रत्येक बाजूस पाच-सहा वेळा पुरे. श्वास रोखू नये. काही दिवसांनी मोकळ्या पायाची टाच किंचित उचलावी.

नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्या, मणक्याचे हाड ठिसूळपणामुळे मोडलेल्या, उभे राहताच चक्कर येणाऱ्या अथवा गुडघ्यास तीव्र सूज असलेल्या रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्याविना आरंभ करू नये. छातीत दुखणे, धाप लागणे वा भोवळ येणे, यांपैकी काही जाणवल्यास तत्काळ थांबावे.

कुटुंबीयांस व हितचिंतकांस

या अभ्यासास यंत्रसामग्री लागत नाही. थोडी मोकळी जागा, एक शिक्षक आणि सातत्य लागते. वर उल्लेखिलेल्या पार्किन्सनच्या अभ्यासात आठवड्यातून दोनदा, एकेक तास व सहा महिने सराव झाला होता; चार दिवसांच्या उत्साहाने तो लाभ मिळणार नाही. कुटुंबीयांना आमची विनंती एवढीच की, आजी-आजोबांना ‘पडाल, बसून राहा’ असे सांगण्याऐवजी त्यांच्या शेजारी उभे राहून हा पाठ त्यांच्यासमवेत करावा. न्हाणीघरात धरावयास दांडी व रात्री मंद दिवा ही सोयही त्याबरोबरच करावी. मोडलेले हाड सांधणाऱ्या शस्त्रक्रियेचे महत्त्व सर्वांना दिसते. न मोडलेल्या हाडाची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. तरीही रुग्णसेवेचा तो तितकाच मोलाचा भाग आहे, अशी आमची श्रद्धा आहे.