फसफसणाऱ्या पेयांची कृति व तींत शेतमालाचा वाटा

उन्हाळ्यांत बाजारास गेलेला शेतकरी लेमनची बाटली विकत घेतो. परंतु तींतील कोणता जिन्नस शेतांतून आला, याचा विचार क्वचितच करतो. ऊंस व लिंबू पिकविणाऱ्यांनीं तो अवश्य करावा, म्हणून या पेयांची कृति येथें देत आहों.

पेयाचा मोठा भाग पाणी होय, आणि खरी काळजी तेथेंच घ्यावी लागते. विहिरीच्या जड पाण्यांतील क्षार पेयाचा आंबटपणा मारतात. म्हणून ते आधीं कमी करून पाणी जंतुरहित करतात व क्लोरीनचा वास कोळशाच्या थरांतून काढून टाकतात. साखरेचा पाक गाळून त्यांत आम्ल, सुवास व रंग मिसळतात. एक भाग पाकास सुमारें पांच भाग पाणी घालतात. अशा रीतीनें 200 मिलिलिटरच्या बाटलींत बहुधा 20 ग्रॅमांहून अधिक साखर येते; थंडीमुळें जिभेस तिचा पुरता बोध होत नाहीं, इतकेंच.

फसफस होते ती कर्बाम्ल वायूमुळें, म्हणजेच कार्बन डायऑक्साइडमुळें. साध्या हवेच्या दाबाखालीं 15 अंश सेल्सिअसचें पाणी आपल्या घनफळाइतका हा वायु शोषून घेतें. 30 अंशांस सुमारें दोन-तृतीयांशच. बाटलींत तर तो तिप्पट-चौपट हवा असतो. म्हणून मिश्रण 4 अंशांच्या आसपास थंड करून दाबाखालीं त्यांत वायु मुरवितात. भरतांनाही बाटलींत दाब कायम राखतात. नाहीं तर सारा माल फेंसावारीं जावयाचा. गोटीच्या बाटलींत हाच वायु गोटीस आंतून रबराच्या कड्यावर दाबून धरतो. ही युक्ति हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाची, सन 1872 मधील.

हा वायु बऱ्याच अंशीं ऊंसाच्या मळीपासूनही मिळूं शकतो. मद्यार्क करतांना 180 भार द्राक्षशर्करेपासून 92 भार मद्यार्क व 88 भार वायु निघतो. तो पकडून शुद्ध केला म्हणजे पेयांस चालतो. साखर ऊंसाची, वायुही ऊंसाचा!

लिंबाची गोष्ट मात्र निराळी. सिट्रिक आम्ल पूर्वीं मुख्यतः इटलीच्या लिंबांपासून निघे. सन 1917 मध्यें जेम्स करी यांनीं काळ्या बुरशीकडून तें साखरेच्या द्रावणांत करवून घेण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि 1919 पासून अमेरिकेंत त्याचा कारखानाही चालूं झाला. तेव्हांपासून लिंबाच्या चवीच्या बाटलींत लिंबू असेलच असें नाहीं. आपल्या देशांतील अन्नविषयक नियमांप्रमाणें फळांचें फसफसतें पेय म्हणवून घेण्यास शेंकडा 10 भाग रस लागतो. लिंबाच्या बाबतींत 5 पुरतो. श्रीगोंद्याकडील बागाइतदारांनीं कारखान्याशीं लिंबांचा करार करण्यापूर्वीं त्यास रस हवा कीं नुसता सुवास, हें विचारून घ्यावें. रस विकावयाचा असल्यास तो तापवून जंतुरहित करूनच द्यावा. कारण वायु भरल्यानें रसांतील किण्व मरत नाहीं, आणि अशा बाटल्या कोठारांत फुटतात.