गाठ निघाली, मग ‘लाइट’ कशाला?

प्रश्न : वडिलांचं (वय ६२) गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली, तरी डॉक्टर रेडिएशन (‘लाइट’) सांगतात. गरज आहे का?

उत्तर : हे ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीच्या बायोप्सीच्या रिपोर्टवर ठरतं. गाठ आतड्याची भिंत ओलांडून गेली असेल, लसीकाग्रंथींत कॅन्सर सापडला असेल किंवा कापलेली कड स्वच्छ नसेल, तर ओटीपोटात आजार उलटण्याचा धोका राहतो. तो कमी करायला रेडिएशन देतात. जखम भरल्यावर सोमवार ते शुक्रवार, साधारण २५ ते २८ वेळा, सोबत बहुधा कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. मशीनखाली दुखत नाही. लघवी धरून झोपायला सांगतात, कारण भरलेलं मूत्राशय लहान आतड्याला वर सारतं. जुलाब, जळजळ होते, बहुतेकदा ओसरते. रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात रेडिएशनतज्ज्ञांना भेटा.