मायक्रोग्रॅम : मान आणि नाम

शार्ङ्गधरसंहितेतील मानपरिभाषा आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत मुखोद्गत केली आहे. तीस परमाणूंचा एक त्रसरेणु अर्थात वंशी, सहा वंशींची मरीची, सहा मरीचींची राजिका, तीन राजिकांचा सर्षप, आठ सर्षपांचा यव व चार यवांची गुंजा. भारतीय आयुर्वेदिक फॉर्म्युलरीने गुंजेचे मान १२५ मिलिग्रॅम धरले आहे. त्यावरून भागाकार करीत खाली उतरल्यास राजिका सुमारे १.३ मिलिग्रॅम, वंशी सुमारे ३६ मायक्रोग्रॅम आणि परमाणु सुमारे १.२ मायक्रोग्रॅम येतो. झरोक्यातील उन्हात दिसणारा रजःकण कोणी तराजूत घातला नव्हता. हा केवळ गणिताचा मेळ असून त्यावर कोणताही दावा उभारू नये. तथापि मायक्रोग्रॅम म्हणजे किती, हे वैद्यास याहून सुलभपणे सांगता येईल असे आम्हांस वाटत नाही.

ग्रॅमचा दशलक्षांश, म्हणजेच मिलिग्रॅमचा सहस्रांश, तो मायक्रोग्रॅम. 'मिलि' हे उपपद लॅटिनमधील हजार या अर्थाच्या शब्दावरून आले, तर 'मायक्रो' हे लहान या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. चिन्ह म्हणून मिलिकडे रोमन 'एम' आणि मायक्रोकडे ग्रीक 'म्यू' आहे. घोटाळ्याचे मूळ येथेच आहे. घाईने लिहिलेला 'म्यू' हा 'एम'सारखा वाचला जातो. संगणकावरील 'सिंबॉल' टंकात तर 'एम'ची कळ दाबूनच 'म्यू' उमटवितात; तो मजकूर दुसऱ्या टंकात नेला की 'म्यू'चा पुन्हा 'एम' होतो, आणि मुद्रितशोधकास संशयही येत नाही. वेष्टनावरील मात्रा मात्र सहस्रपट होते! मराठी संक्षेपाने हा प्रश्न सुटत नाही, कारण दोन्ही नावे 'म'नेच आरंभ होतात.

औषधिनिर्मात्यांचा या मानाशी संबंध जड धातूंच्या परीक्षण अहवालात येतो. केवळ वनस्पतिजन्य औषधांच्या निर्यातीसाठी हे परीक्षण १ जानेवारी २००६ पासून अनिवार्य झाले. अहवालातील 'पीपीएम' म्हणजे दशलक्ष भागांतील एक भाग, अर्थात एका ग्रॅम चूर्णात एक मायक्रोग्रॅम. शिशाची मर्यादा १० पीपीएम आहे. म्हणून दिवसास ६ ग्रॅम चूर्ण घेणाऱ्या रुग्णाच्या पोटात मर्यादेतील चूर्णातूनही ६० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसे जाऊ शकते. अहवालातील आकडा मात्रेने गुणून पाहण्याची सवय निर्मात्यांनी अवश्य लावून घ्यावी.

चिकित्सकांसमोर हा प्रसंग थायरॉक्सिन घेणाऱ्या रुग्णांमुळे वारंवार येतो. या गोळ्या २५, ५०, १०० मायक्रोग्रॅमच्या असतात. रुग्णपत्रिकेवर मात्र '५० मि.ग्रॅ.' अशी नोंद आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिली आहे. पुढे तो रुग्ण दुसऱ्या वैद्याकडे गेला, तर हीच नोंद त्याच्यासोबत जाते. म्हणून रुग्णपत्रिका, वेष्टन व घटकसूची या तिन्ही ठिकाणी 'मायक्रोग्रॅम' हा शब्द संक्षेप न करता पूर्ण लिहावा, आणि गोळीची पट्टी प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज आकडा उतरवून घेऊ नये.